उसाची गुणसूत्रे मोजणाऱ्या जानकी अम्मल

सोलापूर जिल्ह्यात उसाच्या जातीचे पूर्ण नाव फारसे कोणी घेत नाही. माळशिरस असो की पंढरपूर, शेतकरी ८६०३२ हा नुसता आकडा सांगतो आणि समोरच्याला कळते. कागदावर मात्र त्या आकड्याच्या आधी ‘को’ हे अक्षर असते. को म्हणजे कोइंबतूर. तिथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. १९८६ साली त्या केंद्राने क्रमांक दिलेल्या वाणांपैकी बत्तिसावा तो हा ऊस. आज उभ्या असलेल्या उसाचे आजे-पणजे याच केंद्रात तयार झाले, आणि त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी १९३४ साली तिथे एक बाई जनुकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. त्यांचे नाव डॉ. एडवलेथ कक्कट जानकी अम्मल.

डॉक्टरच्या सदरात उसाच्या शास्त्रज्ञ कशा आल्या, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी आयुष्यभर जी क्रिया पाहिली, तीच क्रिया चुकली म्हणजे आमच्या दवाखान्यात तिसऱ्या महिन्यात गर्भ पडलेली मुलगी येते, किंवा डाऊन सिंड्रोम असलेले बाळ घेऊन गोंधळलेले आईवडील येतात. पेशी उसाची असो की माणसाची, या बाबतीत दोघींचे नियम एकच आहेत.

जानकींचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा, केरळातल्या तलश्शेरीचा. वडील न्यायाधीश होते. त्यांना निसर्गाचे वेड होते. घराभोवती निगुतीने राखलेली बाग होती आणि मलबारच्या पक्ष्यांवर त्यांनी लेखनही केले होते. आईचे वडील इंग्रज अधिकारी. कुटुंब तिय्या समाजातले, म्हणजे त्या वेळच्या जातिव्यवस्थेने मागास ठरवलेले. घरात मुलेबाळे खूप. बहिणींची लग्ने ठरत गेली, जानकींसाठीही घरच्यांनी नात्यातले स्थळ पाहिले होते. त्यांनी मद्रासची वाट धरली. क्वीन मेरीज कॉलेज, मग प्रेसिडेन्सी कॉलेज, १९२१ साली वनस्पतिशास्त्राची पदवी आणि नंतर मद्रासच्याच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवणे. पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती मिळाली. आशियातल्या मुलींना शिकवण्यासाठीच ती ठेवलेली होती. १९२४ साली जानकी तिकडे गेल्या, मध्ये काही काळ परत येऊन पुन्हा गेल्या, आणि १९३१ साली डॉक्टरेट घेऊन आल्या. लग्न त्यांनी केलेच नाही.

मिशिगनमध्ये त्या गुणसूत्रे पाहायला शिकल्या. हे काम फार संयमाचे आहे. कळी उमलण्याच्या बऱ्याच आधी खुडायची. तिच्यातले परागकोश इतके कोवळे हवेत की आतल्या पेशी नेमक्या विभागत असतील. दिवस चुकला तर काही दिसत नाही. मग रंग द्यायचा, काच ठेवायची आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून गडद काड्या मोजत बसायचे. एक पेशी, दुसरी, पन्नासावी. आकडा जुळेपर्यंत.

त्या पेशीत नेमके काय घडते, ते थोडे सविस्तर सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. माणसात २३, ज्वारीत आणि मक्यात १०. जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. परागकण किंवा अंडपेशी तयार होताना ही संख्या निम्मी व्हावी लागते, नाहीतर दर पिढीला ती दुप्पट होत जाईल. या निम्मे होण्याला अर्धसूत्री विभाजन किंवा मिऑसिस म्हणतात. जोडीतला एक जण इकडे गेला पाहिजे, एक तिकडे. त्यासाठी आधी दोघांनी एकमेकांना शोधून हात धरायला हवा. पेशीच्या त्या गर्दीत जोडीदार ओळखायचा कसा?

पेशीने यावर काढलेला उपाय ऐकून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी चमकतात. ती स्वतःचाच डीएनए कापते. स्पो-११ नावाचे प्रथिन डीएनएची दुहेरी साखळी आरपार तोडते. एका ठिकाणी नाही, शेकडो ठिकाणी. मक्याच्या एका पेशीत अशा सुमारे ५०० तुटी होतात. एरवी एवढी मोडतोड एखाद्या पेशीत झाली तर ती मरायला टेकली असे आम्ही समजतो. इथे मात्र ती ठरवून केलेली असते. तुटलेले टोक थोडे कुरतडले जाते, त्यातून एक मोकळा धागा बाहेर येतो, त्यावर आरएडी-५१ आणि डीएमसी-१ ही प्रथिने चढतात आणि तो धागा आपल्यासारखाच मजकूर कुठे आहे हे शोधत निघतो. मजकूर सापडतो जोडीदारात. मग त्याची नक्कल करून तूट सांधली जाते. बहुतेक तुटी अशा गुपचूप सांधल्या जातात. थोड्या ठिकाणी, मक्यात पाचशेपैकी वीसेक ठिकाणी, सांधताना दोघांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्या अदलाबदलीच्या गाठीमुळेच जोडी सुटण्याच्या क्षणापर्यंत एकत्र राहते आणि मग नीट दोन बाजूंना जाते.

सोलापूरकरांना यासाठी यंत्रमागाचे उदाहरण पुरेल. मागावर उभा धागा तुटला की कामगार तो चटकन सांधतो. ज्याचा त्यालाच जोडला तर चादरीत खूण राहत नाही. शेजारच्या धाग्याला गाठ बसली तर पुढची सारी नक्षी सरकते. पेशीतही तूट होणे हा काळजीचा भाग नाही. ती कोणाच्या आधाराने सांधली, यावर सगळे अवलंबून आहे.

जानकी अम्मल कोइंबतूरला आल्या तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. डीएनएची रचना कळायला १९५३ साल उजाडले आणि स्पो-११ चे हे काम उघड झाले १९९७ साली. त्यांना दिसत होता तो परिणाम. जोड्या नीट जमल्या की काचेवर सारख्या आकाराच्या आकृत्या दिसत. जमल्या नाहीत की काही गुणसूत्रे एकटीच भरकटलेली, काही तिघा-चौघांच्या घोळक्यात अडकलेली, काही विभाजनात मागे राहिलेली. अशा पेशींतून होणारे परागकण सुरकुतलेले आणि पोकळ निघत. त्यावरून त्या ताडत की हे झाड बी धरणार की वांझ राहणार.

उसाचे घराणे इतके गुंतागुंतीचे आहे की असा अंदाज बांधणे सोपे नव्हते. जाड, रसाळ, गोड ऊस म्हणजे सॅकॅरम ऑफिसिनॅरम. त्याची गुणसूत्रे ८०. पण तो नाजूक, रोगाला लवकर बळी पडणारा. उलट नदीकाठी पांढरे तुरे मिरवणारे कांस हे त्याचे रानटी भावंड, सॅकॅरम स्पॉन्टेनियम. साखर नावापुरती, पण काटक. कोइंबतूरच्या केंद्राचे पहिले प्रमुख सी. ए. बार्बर आणि त्यांच्यानंतरचे टी. एस. वेंकटरामन यांनी या दोघांचा संकर केला आणि १९१८ साली को २०५ हा ऊस उत्तरेतल्या शेतकऱ्यांच्या हाती दिला. आता गंमत पाहा. आईकडून ८० चे निम्मे ४० यावेत, आणि कोइंबतूरच्या कांसाची ६४ असतात, तर वडिलांकडून ३२, बेरीज ७२. प्रत्यक्षात असल्या संकरात भरतात ११२. आईची गुणसूत्रे निम्मी न होता ८० च्या ८० येतात! जावात काम करणारे डच शास्त्रज्ञ ब्रेमर यांनी हे १९२० च्या दशकात दाखवले. आजच्या उसात गोड पूर्वजाचा वाटा इतका मोठा आहे, त्यामागे मिऑसिसमधली ही खोड आहे.

त्या काळी हा विषय प्रयोगशाळेपुरता नव्हता. भारत जावाहून साखर आणत होता. १९३२ साली देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि जागोजागी कारखाने उभे राहू लागले. आपल्या जिल्ह्यात माळीनगरचा कारखाना त्याच दशकातला. त्यांना लवकर पक्व होणारा, दाट आणि गोड ऊस हवा होता. वेंकटरामन यांनी उसाचा चक्क ज्वारीशी संकर करून पाहिला. ज्वारी चार महिन्यांत तयार होते, उसाला वर्ष लागते, तेव्हा दोघांचे मिळून काही साधेल ही आशा. आपल्या मालदांडीच्या दूरच्या चुलत भावाचे उसाशी असे लग्न लागले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. जानकी अम्मल यांनी या संकरांची गुणसूत्रे तपासली आणि स्वतः आणखी पुढे गेल्या. उसाचा मक्याशी संकर त्यांनी करून दाखवला आणि १९३८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात तो जाहीर केला. ऊस आणि बांबू यांच्या संकरातली गुणसूत्रे मोजून तो आकडाही त्याच साली त्यांनी छापला. इतक्या लांबच्या गवतांना एका रोपात आणण्याची कल्पनाच त्या काळी धाडसाची होती.

पण असली रोपे शेतापर्यंत पोहोचली नाहीत, आणि का पोहोचली नाहीत ते आता अधिक स्पष्ट दिसते. अशा रोपाच्या पेशीत मक्याची दहा गुणसूत्रे एकेकटी आलेली असतात. डीएनए तर कापला जातो. तुटलेले टोक जोडीदार शोधत फिरते आणि त्याच्यासारखा मजकूर पेशीत दुसरीकडे कुठेच नसतो. मग गाठ बसत नाही किंवा भलतीकडेच बसते. रोप वाढते, पाने येतात, पण परागकण फोल जातात. आपण ऊस बियांवर लावत नाही, टिपऱ्या लावतो. त्यामुळे बेण्यातून वाढणाऱ्या उसात ही मिऑसिसची भानगड येतच नाही आणि शेतकऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. पैदास करणाऱ्याला मात्र तिला टाळून पुढे जाता येत नाही. त्याला तुरा, पराग आणि बी हवेच. उसासारख्या अवाढव्य, मिश्र जनुकसंचात कोण कोणाशी जोडी जमवतो हे जानकी अम्मल तपासत होत्या, ते त्यासाठीच.

त्याआधी वांग्यावरही त्यांनी काम केले होते. गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेले वांगे त्यांनी तयार केले, आणि ते त्यांच्या नावाने ओळखले गेले. तिघांत जोडी जमवायची तर एक जण बाहेर राहणारच. रोज खाल्ली जाणारी केळी अशीच त्रिगुणित आहेत, ३३ गुणसूत्रांची. म्हणूनच त्यांत बी नसते. निसर्गाने मिऑसिसमध्ये केलेली ही चूक आपण आनंदाने सोलून खातो.

माणसात मात्र हीच चूक महागात पडते. एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन आले की डाऊन सिंड्रोम. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. बाह्यरुग्ण विभागात अशा वेळी सासू विचारते की सुनेने काय खाल्ले, कुठे गेली होती, ग्रहणात बाहेर पडली होती का. मी त्यांना एक गोष्ट सांगते. मुलीच्या अंडपेशींत डीएनए कापण्याचे आणि सांधण्याचे हे काम ती स्वतः आईच्या पोटात असताना उरकते. त्यानंतर अंडपेशी तशाच अर्ध्या वाटेवर थांबतात, वीस वर्षे, तीस वर्षे, चाळीस वर्षे. ज्या जोडीत तेव्हा अदलाबदलीची गाठ पडली नाही, किंवा गाठ पडूनही इतक्या वर्षांत सैल झाली, ती जोडी ऐन वेळी चुकीच्या बाजूला जाऊ शकते. वय वाढते तसा धोका वाढतो तो यामुळे. सुनेच्या पपईचा किंवा पायऱ्या चढण्याचा याच्याशी काही संबंध नाही. सगळ्या सासवांना पटते असे नाही. सून मात्र मान वर करून ऐकते.

कोइंबतूरला जानकी अम्मल यांचे दिवस सुखाचे गेले नाहीत. सगळे सहकारी पुरुष, त्यात या एकट्या, अविवाहित आणि मागास मानलेल्या समाजातल्या. १९३५ साली सी. व्ही. रामन यांच्या भारतीय विज्ञान अकादमीने त्यांना आपल्या सदस्यांत घेतले, पण संस्थेतले वातावरण त्याने बदलले नाही. १९३९ च्या ऑगस्टमध्ये त्या जागतिक जनुकशास्त्र परिषदेसाठी एडिंबरोला गेल्या. परिषद चालू असतानाच युद्धाचे ढग दाटले आणि काही दिवसांत महायुद्ध पेटले. त्या तिकडेच राहिल्या.

लंडनजवळच्या जॉन इन्स संस्थेत त्यांना काम मिळाले. संस्थेचे संचालक सिरिल डार्लिंग्टन हे गुणसूत्रांच्या जोड्या आणि गाठी यांवर त्या काळी सर्वांत खोलवर विचार केलेले शास्त्रज्ञ. म्हणजे जानकी अम्मल आपल्या विषयाच्या माहेरीच पोहोचल्या होत्या. रात्री बॉम्बहल्ले होत, तेव्हा त्या पलंगाखाली शिरत आणि सकाळी फुटलेल्या काचा झाडून पुन्हा कामाला लागत. भारतातून येताना साडीत लपवून एक खार सोबत आणल्याचेही सांगतात. १९४५ साली डार्लिंग्टन आणि जानकी अम्मल यांनी मिळून ‘क्रोमोसोम अ‍ॅटलस ऑफ कल्टिव्हेटेड प्लांट्स’ हा ग्रंथ काढला. लागवडीखालच्या हजारो वनस्पतींची गुणसूत्रसंख्या त्यात एका जागी मिळाली. कोणत्या दोन झाडांचा संकर जमेल आणि कोणता वांझ राहील, याचा अंदाज पैदासकाराला त्यावरून घेता येऊ लागला.

एक आठवण यासोबत द्यायलाच हवी. हा ग्रंथ निघाला तेव्हा माणसाची गुणसूत्रे किती हेच वैद्यकाला बरोबर ठाऊक नव्हते. पाठ्यपुस्तकात ४८ छापलेले असे आणि पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर तेच घोकत. ४६ हा खरा आकडा टियो आणि लेव्हान यांनी १९५६ साली जाहीर केला. दोघेही मुळात वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केलेले. काचेवर गुणसूत्रे नीट पसरावीत म्हणून त्यांनी जे औषध वापरले, ते वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हातातले नेहमीचे औषध होते, कोल्चिसिन. माणसांच्या डॉक्टरांना झाडांच्या डॉक्टरांनी मोजायला शिकवले, असे म्हटले तर त्यात फार अतिशयोक्ती नाही.

त्याच कोल्चिसिनने जानकी अम्मल यांच्या आयुष्यातला पुढचा टप्पा घडवला. १९४५ पासून सहा वर्षे त्या विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत गुणसूत्रतज्ज्ञ होत्या. कोल्चिसिन आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही असते. कळलावी पोटात गेल्याने विषबाधा झालेले रुग्ण ग्रामीण भागातून येतात, आणि गाऊटच्या रुग्णाला आम्ही हेच औषध अगदी मोजक्या मात्रेत देतो. ते गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तंतू बनू देत नाही. परिणामी पेशी विभागत नाही आणि गुणसूत्रे दुप्पट होऊन बसतात. वांझ संकरावर हा प्रयोग केला तर बहुतेकदा जादू होते. एकट्या पडलेल्या प्रत्येक गुणसूत्राला त्याची हुबेहूब प्रत जोडीदार म्हणून मिळते, तुटलेल्या टोकाला सांधायला योग्य आधार सापडतो आणि वांझ झाड बी धरू लागते. विस्लीत त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिन वापरले. जाड पानांची, रुंद पाकळ्यांची झाडे उगवली. त्यातल्या एका वाणाला मॅग्नोलिया कोबस ‘जानकी अम्मल’ असे नाव आहे.

निसर्गानेही जोडीदाराची अडचण आपल्या परीने सोडवलेली आहे. चपातीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे, तीन वेगवेगळ्या गवतांकडून आलेली आणि एकमेकांशी बरीच मिळतीजुळती. तरीही तो चुकत नाही, कारण पीएच-१ नावाचा जनुकभाग चुलत भावाशी गाठ बसू देत नाही. १९५८ साली हे समजले. त्या भागातले मुख्य जनुक झिप-४ हे निघाले, आणि ते गुणसूत्रांमध्ये अदलाबदलीची गाठ बसवण्याच्या कामातलेच आहे.

१९५१ साली पंतप्रधान नेहरूंनी जानकी अम्मल यांना बोलावले आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी नव्याने बसवण्याचे काम सोपवले. ही संस्था १८९० ची, ब्रिटिशांनी आपल्या सोयीने उभारलेली. देशातल्या झाडांचे वाळवलेले नमुने लंडनला आणि अभ्यास करायचा तर तिकडे जायचे, ही तऱ्हा त्यांना मोडायची होती. अलाहाबादच्या केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या देशभर हिंडल्या, आदिवासींना माहीत असलेल्या औषधी आणि खाद्य वनस्पतींची माहिती गोळा करू लागल्या. पण सर्वेक्षण त्यांना हवे तसे वळले नाही आणि त्याचे दुःख त्यांच्या मनात राहिले. माझ्या मते त्यांच्या गुणवत्तेचा देशाला जेवढा उपयोग करून घेता आला असता, त्याच्या निम्माही करून घेतला गेला नाही. १९५५ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला माणसाने पृथ्वीचे रूप कसे पालटले या विषयावर मोठी परिषद झाली. निमंत्रितांत स्त्री एकच, जानकी अम्मल.

पुढे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले आणि थोडा काळ त्या मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. त्यांच्या आयुष्याला महाराष्ट्राचा स्पर्श झाला तो एवढाच, पण तोही विषयाला धरून. ट्रॉम्बेत त्या काळी भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून त्यांचा डीएनए मुद्दाम तोडण्याचे प्रयोग चालू होते. मिऑसिसमध्ये पेशी स्वतः हिशेबाने कापते. किरण कुठेही कापतात. रोप त्या तुटी सांधते, कधी चुकीच्या सांधते, आणि शंभर वाया गेलेल्या चुकांतून एखादी कामाची निघते. टपोऱ्या दाण्याचा टीजी-१ भुईमूग असाच मिळाला, १९७३ साली तो प्रसारित झाला. नंतर १९९१ साली आलेला टीएजी-२४ राज्यातल्या उन्हाळी भुईमुगाच्या शेतकऱ्यांना परिचित आहे. कर्करोगाच्या रुग्णाला आम्ही रेडिएशन देतो तेव्हा हेच करतो, उलट्या हेतूने: गाठीतल्या पेशींत सांधता येणार नाहीत एवढ्या तुटी करायच्या. ज्या स्त्रियांत बीआरसीए-२ हे जनुक बिघडलेले असते त्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, कारण तुटलेल्या टोकावर आरएडी-५१ चढवण्याचे काम त्या जनुकाचे. हेच जनुक झाडांतही आहे, आणि तिथे ते बिघडले तर मिऑसिसमध्ये गुणसूत्रांचे तुकडे होतात व झाड वांझ राहते.

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये जानकी अम्मल मद्रासला परतल्या. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मानद शास्त्रज्ञ म्हणून काम करू लागल्या आणि शहराबाहेर मदुरवोयलच्या प्रयोगशाळेजवळ साधेपणाने राहिल्या. औषधी वनस्पती आणि त्यांची गुणसूत्रे हेच काम. १९७७ साली पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुंतिपुळा नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण बांधण्याचा घाट घातला गेला होता. ऐंशीच्या घरातल्या या बाई विरोध करणाऱ्यांत उभ्या राहिल्या. नुसता विरोध करून त्या थांबल्या नाहीत. जंगल बुडण्याआधी तिथल्या झाडांची गुणसूत्रे मोजून ठेवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. प्रकल्प पुढे रद्द झाला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले, शेवटपर्यंत काम चालू असताना. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.

उसाची मोजणी त्यांच्यानंतरही बरीच वर्षे चालली. आर-५७० या आधुनिक उसाचा जनुकसंच २०२४ साली ‘नेचर’मध्ये वाचून मांडला गेला. त्यात ११४ च्या आसपास गुणसूत्रे आहेत. बहुतेक गोड उसाची, साधारण दहांतले एक कांसाचे. आणि आणखी तितकीच अशी, की ज्यांचा एक तुकडा उसाचा आहे आणि दुसरा कांसाचा. कधीतरी कुठल्या तरी तुऱ्यात तुटलेले टोक चुलत भावाच्या आधाराने सांधले गेले, ती ही.